दोन्ही डोळे एकाच अंगास

वाचकांपैकीं बहुतेकांच्या स्वयंपाकघरांत मासळीस प्रवेश नसेल. आमच्याही घरीं तो नाहीं. तेव्हां या महिन्यांत आम्हीं मत्स्यचर्चा आरंभिलेली पाहून कित्येक भगिनींच्या कपाळास आठी पडेल, हें आम्ही जाणून आहों. परंतु विद्येस सोवळें-ओवळें नाहीं. शिवाय या विषयाशीं आमचें एक जुनें देणें गुंतलेलें आहे. तें आधीं सांगतों.

कोकणपट्टीवरील एका शाळेंत आम्ही संस्कृत शिकवीत असूं. शास्त्राचे शिक्षक रजेवर गेले म्हणजे तो तासही आमच्याकडे येई. एके दिवशीं फळ्यावर मासा काढून आम्हीं सांगितलें कीं, पाठीचा कणा असलेल्या प्राण्याचें शरीर बाहेरून मधोमध दुभागलें तर दोन्ही अर्धीं सारखींच दिसतात. एक डोळा या बाजूस, एक त्या बाजूस. इतक्यांत मागच्या बाकावरील एक कोळ्याचा मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, लेपाचे दोन्ही डोळे एकाच अंगाला असतात." वर्ग हंसला. आम्हांस ती थट्टा वाटली व आम्हीं त्यास तासभर उभें केलें. तो रडला नाहीं. "उद्यां आणून दाखवूं काय?" एवढेंच त्यानें विचारलें. आम्हीं "नको" म्हटलें.

त्या मुलाचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. लेप ज्या गणांत मोडतो त्यास शास्त्रांत 'प्लुरोनेक्टिफॉर्मिस' असें नांव आहे. ग्रीक भाषेंत 'प्लुरॉन' म्हणजे कूस आणि 'नेक्टॉस' म्हणजे पोहणारा. आपण त्यास 'पार्श्वप्लव' म्हणावें. या गणांत सातशेंहून अधिक जाती आहेत. अंड्यांतून निघालेलें पिलूं इतर माशांसारखेंच उभें पोहतें, व त्याचे डोळे दोन बाजूंस असतात. पुढें थायरॉईड नांवाच्या अंतःस्रावाच्या प्रेरणेनें त्याची कवटी पिळवटूं लागते, एक डोळा माथ्याकडे सरकत सरकत दुसऱ्या बाजूस जातो, आणि मासा कुशीवर आडवा होऊन तळाच्या वाळूंत पडून राहतो. म्हणजे वरून जी पाठ वाटते ती पाठ नव्हे, कूस होय. वरची कूस मातकट रंगाची आणि खालची पांढरी असते.

या मोठ्या गणांत एक लहानसें कुल असें आहे कीं, जें या नियमासही पुरतें वश झालेलें नाहीं. त्याचें नांव 'सेटोडिडी'. त्यांत अवघ्या तीन जाती. दोन आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या. तिसरी हिंदी महासागरांत व त्याच्या पूर्वेस आढळणारी, आपल्याकडे जिला 'भाकस' म्हणतात ती. तिचें शास्त्रीय नांव 'सेटोडिस एरुमेइ'. तामिळ भाषेंत 'एरुमै' म्हणजे म्हैस, व तेथील कोळ्यांनीं म्हशीच्या जिभेवरून या माशास नांव दिलें होतें. तेंच इ. स. १८०१ मध्यें ब्लॉख व श्नायडर यांच्या ग्रंथानें कायम केलें. ब्लॉख हा बर्लिनचा वैद्य; तो १७९९ मध्यें वारला, आणि त्याचा अपुरा ग्रंथ श्नायडरनें पुरा केला. हा श्नायडर मूळचा ग्रीक भाषेचा पंडित व कोशकार! भाषापंडितानें माशांकडे लक्ष दिलें तर बिघडत नाहीं, याचा हा जुना दाखला आहे.

आतां भाकसाचें अंग पाहूं. इतर पार्श्वप्लवांत पाठीचा पर पुढें वाढून डोक्यावर येतो. भाकसांत तो डोळ्यांच्या बऱ्याच मागून सुरू होतो. त्या पराच्या पुढच्या भागांत खरे कांटे असतात, ते इतरांत नसतात. तोंड मोठें, दांत बळकट, आणि जबडे दोन्ही बाजूंस जवळजवळ सारखे. सरकलेला डोळा तर माथ्याच्या कडेशींच थबकलेला असतो. दुसरी गोष्ट अशी कीं, लेपाचे डोळे सामान्यतः डाव्या अंगास असतात, 'सोल' म्हणतात त्या कुलांत उजव्या. परंतु भाकसांत डावे व उजवे असे दोन्ही प्रकार जवळजवळ सारख्याच संख्येनें आढळतात. सारांश, उभ्या माशाचा आडवा मासा होतांना वाटेंत जे टप्पे असावेत, त्यांतील कित्येक याच्या देहांत शिल्लक राहिले आहेत.

याच टप्प्यांवरून एक मोठा वाद झाला. १८७१ मध्यें सेंट जॉर्ज मिव्हर्ट यानें डार्विनला विचारलें कीं, डोळा हळूहळू सरकला म्हणतां, तर अर्धवट सरकलेल्या डोळ्याचा माशास उपयोग तो काय? डार्विननें १८७२ च्या सहाव्या आवृत्तींत उत्तर दिलें. कुशीवर पडलेलें पिलूं खालचा डोळा वर फिरविण्याची धडपड करतें, या निरीक्षणाचा त्यानें आधार घेतला. त्या उत्तरांतील कांहीं भाग पुढें टिकला नाहीं. परंतु २००८ मध्यें मॅट फ्रीडमन यानें इटलीच्या उत्तर भागांतील माँते बोल्का येथील सुमारें पांच कोटि वर्षांपूर्वींचे अश्मीभूत मासे तपासले, तों 'अँफिस्टियम' व 'हेटेरोनेक्टिस' यांच्या पूर्ण वाढलेल्या देहांतही एक डोळा माथ्याकडे चढलेला, परंतु पलीकडे न गेलेला, असा आढळला. अर्धवट सरकलेल्या डोळ्याचे मासे खरोखरच जगले होते! यांपैकीं अँफिस्टियम तर शतकाहून अधिक काळ विद्वानांच्या परिचयाचा होता.

वाद अद्याप निमाला नाहीं. भाकसाचें वांकडेपण इतरांहून स्वतंत्रपणें उपजलें, असा पक्ष २०२१ मध्यें कांहीं संशोधकांनीं जनुकांच्या आधारें मांडिला. २०२४ मध्यें दुसऱ्यांनीं तसल्याच आधारें सर्वांचें मूळ एकच ठरविलें. मासा तोच, पुरावा त्याच जातीचा, आणि निर्णय दोन. शास्त्रांत यास कोणी लाज मानीत नाहीं.

लाज आम्हांस वाटते ती निराळ्याच कारणानें. उत्सर्ग म्हणजे सामान्य नियम, आणि अपवाद त्यास बाधतो, हें आम्ही व्याकरणाच्या तासास वर्षानुवर्षें शिकवीत आलों. तोच अपवाद एक पोर स्वतः पाहून सांगत होतें, तेव्हां आम्हीं उत्सर्गाची छडी उगारली. त्यानें लेप आपल्या बापाच्या टोपलींत पाहिला होता. आम्हीं तो केवळ फळ्यावर, आणि तोही चुकीचा. तो आज कोठें आहे, हें आम्हांस ठाऊक नाहीं. कदाचित् त्याच्या नातवंडांच्या हातीं हा अंक पडेल, म्हणून लिहितों कीं, बाळा, चूक आमची होती.

आणि वाचकांस एवढीच विनंति, कीं घरांतलें एखादें लहान मूल "आणून दाखवूं काय?" असें विचारील, तेव्हां वस्तु सोंवळ्यांतली असो वा नसो, "आण, पाहूं" असें म्हणावें. अंगणांत ठेवून पाहतां येते.