आजची ओळ

दुकानाची वही उघडावी ती आजच्याच पानावर, असा आमच्या भैंशाच्या बाजारातील जुन्या मुनीमांचा दंडक असे. तांबड्या कापडात बांधलेल्या रोजमेळाच्या शिवणीतून एक दोरा बाहेर आलेला असायचा. दिवेलागणीला शिल्लक जुळली की मुनीम तो दोरा उद्याच्या कोऱ्या पानात सारून ठेवीत आणि मगच टोपी डोक्यावर घालून घरची वाट धरीत. वही गेली, तिच्या जागी संगणक आला, त्यालाही आता बरीच वर्षे लोटली. दोऱ्याचे काय करावयाचे, हा प्रश्न मात्र पुष्कळ दुकानांत आणि घरांत तसाच लोंबकळत राहिला आहे. मागील हंगामात त्याचा जो मासला आम्ही जवळून पाहिला, तो वाचकांच्या कानी घालावा असे वाटले.

आमच्या परिचयाचे एक आडत दुकान आहे. दसरा उलटला की कापसाच्या गाड्या येऊ लागतात. पण शेतकऱ्यांची उचल त्याच्या कितीतरी आधी, बी-बियाण्यांच्या दिवसांपासून सुरू झालेली असते. ज्या दिवशी रक्कम दिली त्या दिवसापासून व्याजाचे दिवस मोजायचे, हा व्यवहार. घरातील चिरंजीवांनी हे उचल-खाते मोठ्या हौसेने एक्सेलच्या तक्त्यात मांडले. तारीख, नाव, गाव, रक्कम, आणि शेवटच्या रकान्यात व्याजाचे दिवस आपोआप. मुनीमजींचे वय सत्तरीच्या पुढे. तारीख टंकताना त्यांचे बोट चुके, कधी आदल्या दिवसाच्या ओळीत आजची रक्कम जाऊन बसे. तेव्हा चिरंजीवांनी त्यांना एक सोपी युक्ती शिकविली. एक्सेलमध्ये ‘टुडे’ नावाचे एक सूत्र आहे. ते लिहिले की आजची तारीख हजर. मुनीमजींनी ती युक्ती इमानेइतबारे आठ दिवस वापरली.

नवव्या दिवशी मुधोळकडील एक शेतकरी हिशेब मिटवायला आला. पडद्यावर त्याच्या नावापुढे व्याजाचे दिवस दिसले शून्य! त्याच्या वरच्याचे शून्य, खालच्याचेही शून्य. आठ दिवसांत दिलेली सारी उचल जणू त्याच सकाळी दिली गेली होती. शेतकरी भला माणूस, तो म्हणाला, “शेठ, मला तर पोळ्याच्या आधल्या दिवशी मिळाले होते, तुमची पेटी आज म्हणते.” तो भला नसता तर? आणि घोळ उलट दिशेचा असता, तर आठ दिवसांचे जादा व्याज कोणाच्या माथी बसले असते? पुढल्या तीन संध्याकाळी मुनीमजींनी सही घेतलेल्या पावत्या दिव्याखाली पसरून एकेक तारीख पुन्हा लावली. पावत्या जपून ठेवण्याची त्यांची जुनी खोड चिरंजीवांच्या थट्टेचा विषय होती; ती थट्टा त्या दिवसापासून बंद आहे.

चूक कोठे झाली? ‘टुडे’ हे सूत्र तारीख लिहीत नाही, ती दाखविते. उद्या फाइल उघडाल तेव्हा ते उद्याची दाखवील. वहीत शाईने लिहिलेला दिवस आणि भिंतीवरच्या कॅलेंडरातील आजचे पान यांत जो भेद आहे, तोच हा. नोंदीची तारीख कायमची हवी. त्यासाठी कंट्रोलची कळ दाबून ठेवून अर्धविरामाची कळ दाबली की आजची तारीख त्या चौकटीत उमटते आणि पुढे हलत नाही. ‘टुडे’चा उपयोग वेगळा आहे, आणि तो मोठा मौजेचा आहे: आजची ओळ कोणती, हे त्याच्याकडून ओळखून घ्यायचे.

यंत्राच्या लेखी तारीख हा केवळ एक आकडा असतो. १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस मानून तेथून पुढे मोजदाद चालते. (त्या मोजणीत १९०० साली न आलेला २९ फेब्रुवारीही धरलेला आहे. ‘लोटस’ या जुन्या कार्यक्रमातील ती चूक एक्सेलने जाणूनबुजून उचलली, कारण जुने तक्ते बिघडू नयेत. परंपरेचा असा मान राखणारे आम्हीच नव्हे!) आमच्या गावाचेच उदाहरण घ्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नांदेड जिल्ह्याच्या मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा आणि कुबेर हे भाग आंध्र प्रदेशात, आदिलाबाद जिल्ह्यात गेले. २ जून २०१४ रोजी आम्ही तेलंगणाचे झालो. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी निर्मल जिल्हा निराळा झाला आणि आम्ही त्यात आलो. गाव जागचे हलले नाही, पाट्या तेवढ्या बदलल्या. एक्सेलला विचाराल तर हे तीन दिवस म्हणजे २०७६०, ४१७९२ आणि ४२६५४. पहिला शेवटच्यातून वजा करा, २१,८९४ दिवस उरतात. व्याजाचे दिवस यंत्र याच रीतीने काढते, आणि आजची ओळही याच रीतीने शोधते: ओळीतील आकडा आजच्या आकड्याइतकाच आहे काय?

जुन्या वह्यांतील मिती मात्र त्याला उमगत नाही. आमच्या तेलुगू शेजाऱ्यांचे महिनेही आमच्यासारखेच अमावास्येला संपतात, त्यामुळे दोन पंचांगांत मासाचा वाद कधी पडला नाही. पण तिथीचा क्षय आणि वृद्धी साध्या बेरजेत बसविता येत नाहीत. असो.

आता कृती. सगळा तक्ता निवडावा, ‘कंडिशनल फॉरमॅटिंग’मध्ये जाऊन सूत्राने नियम देण्याचा पर्याय घ्यावा आणि लिहावे: =$ए२=टुडे(). अक्षरे अर्थातच रोमन टंकावयाची. येथे तारखा ‘ए’ या रकान्यात आहेत आणि निवडलेला तक्ता दुसऱ्या ओळीपासून सुरू होतो, असे धरले आहे. डॉलरचे चिन्ह विसरू नये. ते रकान्याला खिळा मारते. ते नसेल तर यंत्र तारखेऐवजी नावात आणि रकमेत आजचा दिवस शोधू लागते आणि सबंध ओळीऐवजी एखादीच चौकट रंगते. मग हवा तो रंग द्यावा. मध्यरात्र उलटून गेली की कालच्या ओळीचा रंग उतरतो, आजच्या ओळीवर चढतो. कोणी काही करावे लागत नाही. लिबरऑफिसच्या विनामूल्य कॅल्कमध्येही हाच नियम चालतो.

हेच काम मॅक्रोनेही होते. मॅक्रो म्हणजे यंत्राला लिहून दिलेली कामाची यादी. १९९३ पासून एक्सेलमध्ये ती विजुअल बेसिक भाषेत लिहिता येते. फाइल उघडताच आजची ओळ शोध, तिला रंग दे, असे त्यात लिहिता येते. परंतु मॅक्रोने दिलेला रंग खराखुरा रंग असतो, तो आपण होऊन उतरत नाही. उद्या कालचा रंग पुसण्याची आज्ञाही द्यावी लागते, आणि ती ढिसाळपणे दिली तर मुनीमजींनी थकबाकीदारांना हाताने दिलेला तांबडा रंगही पुसला जातो. म्हणून आमच्या मते रंगाचे काम नियमाकडे असावे आणि मॅक्रोकडे एवढेच सोपवावे, की फाइल उघडताच आजच्या ओळीवर नेऊन उभे करणे. नियमाला रंगविता येते, पण पाचशे ओळी ओलांडून तुम्हांला तेथवर नेता येत नाही. दोऱ्याचे खरे काम मॅक्रोच करतो. मोबाइलवरील एक्सेलमध्ये मात्र तो चालत नाही. तेथे रंगावरच भिस्त.

टपालाने आलेल्या परक्या फाइलीतील मॅक्रो मात्र डोळे मिटून चालू करू नये. १९९९ साली ‘मेलिसा’ नावाचा विषाणू अशाच वाटेने जगभर पसरला, आणि इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतील मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून आपणहून अडवून धरण्यास आरंभ केला.

एवढे करूनही एखादे दिवशी कोणतीच ओळ रंगत नाही. तेव्हा नियमाला दोष देण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. एक, संगणकाचे घड्याळ. आतली बटणाएवढी बॅटरी संपली की ते भलत्याच वर्षात जाऊन बसते, आणि यंत्राचे ‘आज’ त्या घड्याळापलीकडे काही जाणत नाही. दुसरी, तारखेची मांडणी. संगणक अमेरिकन रीतीवर राहिला असेल तर ५ मार्च म्हणून लिहिलेले ५-३ तो ३ मे समजतो; आणि १३-३ लिहिले तर तेरावा महिना नसल्याने ती तारीख न मानता नुसती अक्षरे मानतो. अशी अक्षरे चौकटीत डावीकडे चिकटलेली दिसतात, खरी तारीख उजवीकडे. मुनीमजींनी हे एकदा पाहून ठेवले आणि पुढे चिरंजीवांच्याच दोन चुका दाखविल्या.

घरच्यांनाही याचा उपयोग आहे. आजींच्या गोळ्यांचा तक्ता, दुधाचा हिशेब, गॅसच्या टाकीची तारीख. गूगलच्या तक्त्यातही तेच सूत्र चालते. फक्त मुलगा परदेशी असून तक्ता त्याने तिकडे तयार केला असेल, तर तक्त्याच्या सेटिंगमध्ये भारताची वेळ निवडावी. नाहीतर आजींच्या सकाळच्या गोळीला पडद्यावर कालचीच ओळ रंगलेली दिसावयाची.

त्या दुकानात आता रोज सकाळी एक ओळ हळदीच्या रंगात उजळते. रंग मुनीमजींनीच निवडला. चिरंजीवांच्या मनात तांबडा होता, पण तो थकबाकीचा, एवढे एकच कारण देऊन त्यांनी मान हलविली.