नव्या प्रशिक्षकास जुने माप

पेडणे आणि डिचोली हे तालुके फुटबॉलचे माहेरघर आहेत असे कोणी म्हणणार नाही. सासष्टीत मूल चालू लागले की त्याच्या पायाशी चेंडू येतो. आमच्याकडे त्याच्या हाती प्रथम टाळ येतो. तथापि १८८३ साली फादर विल्यम लायन्स यांनी हा खेळ गोव्यात प्रथम आणला तो शिवोलीस, असे सांगतात. आणि शिवोलीसमोर नदीच्या ह्या तीरावर चोपडें आहे, ते पेडण्याचेच गाव. तेव्हा ह्या खेळाविषयी दोन शब्द लिहिण्याचा थोडासा अधिकार आम्हांसही आहे.

आमचा विषय एफसी गोवा संघाच्या दोन प्रशिक्षकांचा आहे. सर्जिओ लोबेरा श्रेष्ठ की त्यांच्या जागी आलेले हुआन फेरांदो श्रेष्ठ, हा वाद आमच्या घराघरांतून आणि बसगाड्यांतून कडाक्याने झालेला आहे. दोघेही स्पेनचे, चेंडू आपल्याच पायांत खेळवीत पुढे जावे, ह्याच मताचे दोघेही. मग अंतर कोठे पडले?

प्रथम लोबेरांचे पाहू. २०१६ साली गोव्याचा संघ तालिकेत तळाशी गेला होता. २०१७ मध्ये लोबेरा आले आणि पहिल्याच हंगामात साखळीच्या १८ सामन्यांत संघाने ४२ गोल केले. दुसऱ्या हंगामात संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला; तेथे बेंगळुरूने जादा वेळेत एका गोलाने हरविले. त्याच वर्षी, एप्रिल २०१९ मध्ये, चेन्नईयिनचा २-१ असा पराभव करून संघाने सुपर कप जिंकला. फेरान कोरोमिनास ह्या एकाच खेळाडूने तीन हंगामांत इंडियन सुपर लीगचे ४८ गोल केले. इतके वैभव पाहिलेल्या डोळ्यांस पुढे साधे काही आवडेनासे झाले, ह्यात नवल नाही.

पुढे ३१ जानेवारी २०२० रोजी, संघ तालिकेत अग्रभागी असताना आणि साखळीचे तीनच सामने उरले असताना, लोबेरांना निरोप देण्यात आला.

त्यानंतर फेरांदो आले. परंतु त्यांच्या हाती काय आले? कोरोमिनास स्पेनला परतले. जाहूह, बूमू, फॉल आणि आपले मंदार राव देसाई हे चौघे मुंबईच्या संघात गेले; आणि त्याच मुंबईचे प्रशिक्षक झाले लोबेरा! त्यात महामारीचे वर्ष. २०२०-२१ चे सर्व सामने गोव्यातच झाले, पण प्रेक्षकांस प्रवेश नव्हता. पेडण्याहून म्हापसा, पणजी आणि जुवारीचा पूल ओलांडून फातोर्ड्यास जाणारी मंडळी घरीच दूरचित्रवाणीपुढे बसून होती. रिकाम्या बाकांसमोर खेळणाऱ्या संघास स्वतःचे मैदान तरी कसे म्हणावे?

आता आकडे पाहा. २०१९-२० मध्ये १८ सामन्यांत १२ विजय, ३ बरोबरी, ३ पराभव आणि ४६ गोल. २०२०-२१ मध्ये २० सामन्यांत ७ विजय, १० बरोबरी, ३ पराभव आणि ३१ गोल. गोल घटले, विजय घटले, हे खरे. पण पराभव दोन्ही वर्षी तीनच! निम्मे घर रिकामे झालेल्या संघास हरविणे कठीण ठेवले, हे काय थोडे झाले? उपान्त्य फेरीत लोबेरांच्या मुंबईशी गाठ पडली. २-२, मग ०-०, आणि शेवटी पेनल्टीच्या फटक्यांवर ६-५ ने हार. ज्यांस आम्ही मोजमापाची पट्टी केले होते, ते समोरच्या बाकावर बसलेले असताना अंतर एवढेच निघाले.

एप्रिल २०२१ मध्ये आशियाई चँपियन्स लीगच्या गटसामन्यांत खेळणारा गोव्याचा संघ हा पहिला भारतीय संघ ठरला. अल रय्यानशी दोनदा आणि अल वहदाशी एकदा बरोबरी साधली. आदल्या स्पर्धेच्या उपविजेत्या पर्सेपोलिसविरुद्ध पहिला गोलही आपणच केला, जरी दोन्ही सामने गमावले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कोलकात्यात मोहमेडन स्पोर्टिंगला हरवून फेरांदोंच्या संघाने ड्युरँड कप आणला. म्हणजे नव्या प्रशिक्षकांच्या पदरीही काही कमी पडले नाही.

दशावतारात एखादा नावाजलेला राजपार्टी कंपनी सोडून जातो आणि त्याच्या मुकुटाखाली नवा नट उभा राहतो. पहिल्या रात्री प्रेक्षक त्याचा अभिनय पाहतच नाहीत. जुन्या नटाचा आवाज आठवीत बसतात. फेरांदोंच्या बाबतीत आम्हीही हेच केले, हे कबूल करावयास आम्हांस संकोच वाटत नाही. तुलना करणे वाईट नव्हे. मात्र 'ह्याने काय मिळविले' हे विचारण्याआधी 'ह्याच्या हाती काय आले होते' हे विचारले पाहिजे, आणि शेवटी 'जाताना ह्याने काय मागे ठेवले' हेही.

ह्या तिसऱ्या प्रश्नापाशी फेरांदोंचे पारडे हलके होते, असे आमचे मत आहे. डिसेंबर २०२१ मध्ये, हंगाम चालू असताना, ते कोलकात्याच्या एटीके मोहन बागान संघाकडे निघून गेले. त्या हंगामात गोवा नवव्या स्थानी राहिला. लोबेरांना मध्येच जावे लागले, फेरांदो मध्येच गेले. हा भेद लहान नाही.

आणि दोन्ही वेळी वल्हे कोणी हाती घेतले? २०२० मध्ये क्लिफर्ड मिरांडा यांनी उरलेले तिन्ही सामने जिंकले, तीन सामन्यांत १४ गोल झाले, आणि साखळीविजेत्याची ढाल व आशियातील ती जागा गोव्यास मिळाली. २०२१ मध्ये डेरिक परेरा पुढे आले. दोघेही गोव्याचे. ह्याच मिरांडांनी पुढे २०२३ मध्ये ओडिशाच्या संघास सुपर कप मिळवून दिला. परदेशी पाहुण्यांतील थोर कोण ह्यावर आम्ही रात्री जागविल्या. पण अडल्या वेळी घर सांभाळणाऱ्यांचे नाव त्या वादात क्वचितच निघाले.

विद्यार्थिमित्रांनो, आपल्या वर्गातही नवे शिक्षक येतात, आणि 'पूर्वीचे सर असे शिकवीत नसत' हे वाक्य पहिल्याच तासाला आपल्या ओठांवर असते. पुढल्या वेळी ते उच्चारण्यापूर्वी क्षणभर थांबावे. आणि ज्यांस खेळाची आवड आहे, त्यांनी केवळ खेळाडू होण्याचेच नव्हे, तर खेळ शिकविणारा होण्याचेही मनात आणावे. पेडण्या-डिचोलीचा एखादा मुलगा वा मुलगी उद्या फातोर्ड्याच्या त्या बाकावर बसली, तर तुलना करावयास आम्ही आनंदाने तयार आहोत.