कॉम्फ्रे : मूळ मिळवण्यापूर्वी जागा ठरवा

गेल्या काही वर्षांत शेतकरी मेळाव्यांत आणि प्रशिक्षणवर्गांत एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो : "कॉम्फ्रेचे मूळ कोठे मिळेल?" खोल थरातील पालाश वर आणणारी, मधमाश्यांना बोलावणारी आणि जनावरांनाही पोसणारी वनस्पती, अशी तिची ख्याती चित्रफितींतून सर्वदूर पोहोचली आहे. हिमालयातील सफरचंदाच्या बागांत परागण करणाऱ्या कीटकांवर काम करताना मी ती स्वतः लावली आहे. एकदा चुकीच्या जागीही लावली आहे. त्या अनुभवानंतर माझे मत असे बनले आहे की मूळ कोठे मिळेल हा दुसरा प्रश्न आहे. ते कोठे लावणार, हा पहिला.

कॉम्फ्रे मूळची युरोपातील, नदीकाठच्या ओलसर जमिनीतील. इंग्लंडमधील हेन्री डबलडे यांनी १८७०च्या दशकात टपाल तिकिटांच्या डिंकासाठी उपयोगी पडेल म्हणून तिचा रशियन संकर मागवला. पुढे १९५०च्या दशकात लॉरेन्स हिल्स यांनी एसेक्स परगण्यातील बॉकिंग या गावी तिच्या अनेक वाणांची तुलना केली. त्यांतील 'बॉकिंग १४' हा वाण आज बागकामासाठी सर्वाधिक नावाजला जातो, कारण त्याला रुजणारे बी धरत नाही. साध्या कॉम्फ्रेचे बी मात्र पडते आणि पसरते. म्हणून लावायचीच असेल, तर वाणाची खात्री करून घ्यावी.

बी नसले तरी ही वनस्पती हटवादी आहे. तिचे मूळ दीड-दोन मीटर खोल जाते आणि त्याचा बोटभर तुकडाही पुन्हा फुटतो. माझी चूक हीच झाली. भाजीच्या वाफ्याच्या कडेला मी चार मुळे लावली. दोन वर्षांनी वाफा वाढवायचा म्हणून कुदळीने ती खणून काढली. पुढच्या वसंतात चाराच्या जागी वाफाभर कोंब आले. रोटाव्हेटर फिरवला असता, तर शेतभर आले असते. तेव्हा, पुढील पंधरा-वीस वर्षे जेथे नांगर, कुदळ वा बांधकाम येणार नाही, अशीच जागा निवडावी. कंपोस्टच्या खड्ड्याशेजारची पट्टी सर्वांत सोयीची. कापलेला पाला तेथेच पडतो आणि खड्ड्यातून झिरपणारे पाणीही वाया जात नाही.

लागवड अवघड नाही. मुळांचे तुकडे किंवा गड्ड्याचे फुटवे वसंताच्या सुरुवातीस ६० ते ९० सेंटिमीटर अंतरावर लावावेत. भरपूर शेणखत द्यावे. पहिल्या वर्षी फुलांचे दांडे खुडून मुळांना बळ धरू द्यावे आणि पाला फारसा कापू नये. दुसऱ्या वर्षापासून हंगामात तीन-चार कापण्या मिळतात. पानांवरील लव त्वचेला खाज आणते, म्हणून कापताना हातमोजे वापरावेत.

पालाशाविषयी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. कॉम्फ्रेच्या पानांत पालाश चांगला असतो आणि पाने लवकर कुजतात, हे खरे. परंतु ही वनस्पती पालाश निर्माण करीत नाही. जमिनीत असलेला उचलते. ती द्विदल नाही, त्यामुळे हवेतील नत्रही स्थिर करीत नाही. वारंवार कापणी करायची आणि खत द्यायचे नाही, असे केल्यास त्या पट्टीतील जमीनच रिती होते. एका जागेची सुपीकता दुसऱ्या जागी नेण्याचे ते साधन आहे, एवढेच म्हणणे प्रामाणिक ठरेल.

आता माझ्या विषयाकडे येतो. कॉम्फ्रेचे फूल खाली झुकलेल्या नळीसारखे असते आणि मकरंद नळीच्या तळाशी असतो. लांब जिभेच्या बंबलबी माशीला तो सहज मिळतो. आखूड जिभेच्या माश्या नळीला बाहेरून छिद्र पाडून मकरंद चोरतात आणि मग मधमाश्याही त्याच छिद्राचा लाभ घेतात. अशा भेटींतून परागण फारसे होत नाही. भारतात बंबलबीच्या जाती प्रामुख्याने हिमालयात आढळतात. सफरचंदाचा बहर ओसरल्यावर त्यांच्या नव्या वसाहतींना अन्न हवे असते आणि तेथे कॉम्फ्रेचा खरा उपयोग आहे. दख्खनच्या पठारावर बंबलबीच नाही. तेथे 'मधमाश्यांसाठी कॉम्फ्रे' हा सल्ला मला पटत नाही.

पर्वतीय भागातही दोन अटी आहेत. पहिली, पाला आणि फूल ही दोन्ही आश्वासने एकाच झुडपाकडून पूर्ण होत नाहीत; सतत कापलेल्या झुडपाला फूल येत नाही. काही झुडपे पाल्यासाठी आणि काही न कापता माश्यांसाठी, अशी वाटणी आरंभीच करावी. दुसरी अट अधिक महत्त्वाची. फवारणी होणाऱ्या झाडांखाली कॉम्फ्रे लावू नये. फळझाडाचा बहर संपला म्हणून बागायतदार निर्धास्तपणे कीटकनाशक फवारतो. त्याच वेळी खाली कॉम्फ्रे फुललेली असते आणि तिच्यावर माश्या असतात. ज्यांच्यासाठी झुडूप लावले, त्यांच्यासाठीच तो सापळा ठरतो. फवाऱ्याचे तुषार पोहोचणार नाहीत इतक्या अंतरावर, वाऱ्याची दिशा पाहून जागा ठरवावी.

सर्वांत गंभीर बाब विषाची. कॉम्फ्रेमध्ये पायरोलिझिडीन अल्कलॉइड ही यकृताला अपाय करणारी द्रव्ये असतात. आपल्या भुरुंडीत आणि खुळखुळ्यातही याच वर्गातील द्रव्ये आहेत. प्लेन टायगर, ब्लू टायगर यांसारख्या फुलपाखरांचे नर वाळलेल्या भुरुंडीवर गर्दी करतात, ते ही द्रव्ये शोषण्यासाठीच. त्यांपासून ते मादीला आकर्षित करणारा गंध तयार करतात. फुलपाखराला लाभणारे द्रव्य माणसाला मात्र मारक ठरते. १९७०च्या दशकात तेव्हाच्या मध्य प्रदेशातील सरगुजा जिल्ह्यात खुळखुळ्याच्या जातीचे बी मिसळलेले भरडधान्य खाण्यात येऊन यकृतविकाराने माणसे दगावली होती. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००१ मध्ये उत्पादकांना कॉम्फ्रेयुक्त पूरक आहार बाजारातून काढून घेण्यास सांगितले. त्यामुळे या पानांची भाजी, भजी किंवा चहा करण्याचा सल्ला कोणीही देऊ नये आणि जनावरांच्या नित्य चाऱ्यातही त्यांचा समावेश करू नये. थंड डोंगराळ भागात डिजिटॅलिसही उगवते. फुलण्यापूर्वी तिची पाने कॉम्फ्रेसारखीच दिसतात आणि तिचे विष थेट हृदयावर परिणाम करते. मुलांचा वावर असलेले अंगण आणि शेळ्यांची वाट या दोन्ही जागा म्हणूनच वर्ज्य मानाव्यात.

हे अल्कलॉइड असलेल्या वनस्पतींचे आच्छादन केल्यास ते शेजारच्या पिकाच्या मुळांवाटे शोषले जाऊ शकतात, असे जर्मनीतील प्रयोगांत दिसून आले आहे. म्हणून पालेभाज्या, कोथिंबीर, औषधी वनस्पती यांच्या वाफ्यात कॉम्फ्रेचा पाला वा त्याचे द्रवखत न वापरता ते फुलझाडांपुरते किंवा फळझाडांच्या आळ्यापुरते मर्यादित ठेवावे, अशी माझी शिफारस आहे. ती सावधगिरीची आहे, याची मला जाणीव आहे.

मग मैदानी प्रदेशातील शेतकऱ्याने काय करावे? एप्रिल-मे महिन्यांत, विहिरीचा तळ दिसू लागतो तेव्हा, ओलाव्यात वाढणारी ही वनस्पती पाणी मागणार. त्याऐवजी बांधावर गिरिपुष्प लावावे. ते द्विदल आहे, कोरडवाहू जमिनीत तग धरते, त्याचा पाला नत्र देतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याच्या फुलांवर माश्या येतात. त्यावर मावा पडतो खरा, पण त्या माव्यावर लेडीबर्ड भुंगेरे आणि सिरफिड माश्याही पोसल्या जातात. लांब जिभेच्या माश्यांसाठी तूर आणि तुळस आपल्याकडे आहेतच.

विस्तार कार्यकर्त्यांना माझे एकच सांगणे आहे. मेळाव्यात मूळ वाटणे सोपे असते आणि घेणाऱ्याला आनंदही होतो. परंतु कॉम्फ्रेचे मूळ परत घेता येत नाही. ते हाती देण्यापूर्वी शेतकऱ्याबरोबर बांधावर उभे राहून चार गोष्टी पाहाव्यात : ही जमीन पुढे खणली जाणार आहे का, येथे फवारा पोहोचतो का, जनावर येते का, आणि उन्हाळ्यात पाणी आहे का. एकाही प्रश्नाचे उत्तर मनासारखे नसेल, तर मूळ पिशवीतच ठेवावे.