अंगठ्याने वाजवणारा कामगार आणि त्याच्या चाहत्यांचे भांडण

गिटार म्हटले की आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढे ऑर्केस्ट्रा येतो. स्टेजच्या कडेला उभा राहून गायकाला साथ देणारा, आणि निवेदकाने अगदी शेवटी, आभार मानताना ज्याचे नाव घ्यायचे तो माणूस. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या जाझ संगीतातही बरीच वर्षे हीच गत होती. तिथे गिटारवाल्याला पुढे आणले ते चार्ली ख्रिश्चनने. विजेवर वाजणारी गिटार त्याने सॅक्सोफोनच्या बरोबरीने बोलायला लावली आणि १९४२ साली, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, तो क्षयाने गेला. त्याच्यामागून जो सर्वांत मोठा झाला तो वेस माँटगोमेरी. आज लिहायचे आहे ते या वेसविषयी, आणि त्याच्या चाहत्यांमध्ये पन्नास वर्षांहून अधिक काळ चाललेल्या एका भांडणाविषयी.

भांडण असे आहे. वेसने १९५९ ते १९६८ या नऊ वर्षांत स्वतःच्या नावावर वीसच्या वर रेकॉर्ड केल्या. त्यांतल्या साधारण पहिल्या निम्म्या रिव्हरसाईड नावाच्या लहान कंपनीसाठी आणि पुढच्या निम्म्या व्हर्व्ह व ए अँड एम या मोठ्या कंपन्यांसाठी. पहिल्यांत चार-पाच वादक समोरासमोर बसून वाजवतात. पुढच्या बहुतेकांत मागे व्हायोलिनचा ताफा असतो, गाणी रेडिओवर गाजलेली असतात आणि तीन-चार मिनिटांत संपतात. एक गट म्हणतो, खरा वेस रिव्हरसाईडवरच, नंतर माणूस बाजारात विकला गेला. दुसरा म्हणतो, अरे, तुमचा तो ‘खरा’ वेस ऐकत होते किती लोक? घराघरांत पोचला तो पुढचाच. दोन्हीकडचे लोक जाणकार, दोन्हीकडचे हट्टी.

या भांडणात कोणाच्या बाजूने उभे राहायचे हे ठरवण्याआधी माणूस पाहिला पाहिजे.

वेसचा जन्म १९२३ चा, इंडियानापोलिस शहरातला. थोरला भाऊ मंक पुढे बास वाजवू लागला, धाकटा बडी पियानो आणि व्हायब्राफोन. मंकने बारा वर्षांच्या वेसला चार तारांची एक लहान गिटार आणून दिली होती, पण त्याला खरे वेड लागले ते विशी गाठल्यावर, चार्ली ख्रिश्चनची रेकॉर्ड ऐकून. लग्न झालेले होते. गुरू नाही, क्लास नाही, नोटेशन वाचता येत नाही. रेकॉर्ड पुन्हा पुन्हा लावायची आणि कानाने उचलायची, हीच शाळा. काही महिन्यांत ख्रिश्चनचे तुकडे जसेच्या तसे वाजवून दाखवतो म्हणून गावातल्या एका क्लबने त्याला कामावर ठेवले. तुकडे संपले की त्याच्याकडे दुसरे काही वाजवायला नसे!

अंगठ्याची गोष्ट याच काळातली. गिटार वाजवणारे तारा छेडायला हातात एक लहान पातळ चकती धरतात. तिचा आवाज खणखणीत येतो. दिवसभराच्या कामानंतर रात्री घरात सराव करायचा तर बायकोची झोपमोड आणि शेजाऱ्यांची तक्रार. म्हणून वेसने चकती टाकली आणि अंगठ्याच्या मांसल भागाने तारा छेडायला सुरुवात केली. त्यातून जो गोल, ऊबदार स्वर निघाला तो पुढे जगभर त्याची ओळख झाला. एका खोलीत संसार केलेल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. आवाज न करता जगण्याची कला त्यांना कोणी शिकवायला नको.

१९४८ ते १९५० अशी दोन वर्षे तो लायोनेल हॅम्प्टनच्या मोठ्या बँडबरोबर फिरला. त्याला विमानाची भीती होती, त्यामुळे लांबलांबचे कार्यक्रमही तो शक्यतो मोटारीनेच गाठायचा. पण घरी लेकरे वाढत होती. तो परत गावी आला आणि कारखान्यात लागला. सकाळी सात ते दुपारी तीन कारखाना. रात्री नऊ ते दोन एका क्लबात गिटार. तिथून उठून दुसऱ्या क्लबात, पहाटेपर्यंत. आणि पुन्हा सातचा भोंगा. गिरणीत दोन पाळ्या एकामागून एक काढलेले जे आहेत त्यांनी हिशेब करावा की हा माणूस झोपत कधी असेल. सहा-सात लेकरांचा संसार होता आणि या दिनक्रमात पन्नासचे दशक निघून गेले.

१९५९ मध्ये सॅक्सोफोनवादक कॅननबॉल ॲडर्ली कार्यक्रमासाठी इंडियानापोलिसला आला होता. स्वतःचा कार्यक्रम उरकून तो रात्री उशिरा ‘मिसाईल रूम’ नावाच्या क्लबात गेला आणि तिथे त्याने वेसला ऐकले. न्यूयॉर्कला परतल्यावर त्याने रिव्हरसाईडच्या ऑरिन कीपन्यूजच्या मागे धोशा लावला. कीपन्यूज स्वतः गावी आला, दोन्ही क्लबांत बसून ऐकले आणि करार केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पहिली रेकॉर्ड झाली. वेस तेव्हा छत्तीस वर्षांचा होता. एवढा मोठा कलावंत छत्तिसाव्या वर्षापर्यंत जगाला ठाऊक नव्हता, कारण तो कारखान्यात होता.

आता त्याच्या वाजवण्याविषयी थोडे, कारण भांडणाचे मूळ तिथे आहे. वेस एखादे गाणे घेई तेव्हा सुरुवातीला एकेका स्वराने, गायकासारखा फिरायचा. मग तोच स्वर खालच्या आणि वरच्या सप्तकात एकाच वेळी वाजवायचा, म्हणजे खालचा ‘सा’ आणि वरचा ‘सा’ जोडीने. दोन तारांमधली एक तार बोटाने दाबून मुकी ठेवायची आणि हे सगळे धावत्या लयीत, एका अंगठ्याने. आणि शेवटी चार-पाच स्वरांचे भरगच्च गुच्छ एकामागून एक, जणू अख्खा बँड वाजतोय. एक मजला, दोन मजले, तीन मजले असे हे बांधकाम. यासाठी वेळ लागतो. आठ मिनिटे, दहा मिनिटे, कधी त्याहून जास्त.

रिव्हरसाईडवर हा वेळ त्याला मिळाला. जानेवारी १९६० मध्ये केलेली ‘दि इन्क्रेडिबल जाझ गिटार’ ही तबकडी घ्या. पियानोवर टॉमी फ्लॅनागन, बासवर पर्सी हीथ, ड्रमवर त्याचा भाऊ अल्बर्ट. त्यातले ‘फोर ऑन सिक्स’ आणि ‘वेस्ट कोस्ट ब्लूज’ या वेसच्या स्वतःच्या रचना. आजही गिटार शिकणारी पोरे जगभर त्यावर घासतात. दुसरी ‘फुल हाऊस’. १९६२ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली गावी एका कॉफीघरात लोकांसमोर झालेली. जॉनी ग्रिफिनचा सॅक्सोफोन आणि वेसची गिटार एकमेकांना डिवचत पुढे जातात, सवाल-जवाबासारखे. ही ऐकली की रिव्हरसाईडवाल्यांचा हट्ट पटू लागतो.

पण याच गटाला एक गोष्ट सोयीने आठवत नाही. व्हायोलिनच्या ताफ्याबरोबरची ‘फ्यूजन’ नावाची तबकडी १९६३ मध्ये रिव्हरसाईडनेच काढली होती. म्हणजे व्हायोलिने काही पुढच्या मालकाने आणली नाहीत. लहान कंपनीलाही माल खपवायचा असतोच. तरी खपला नाही. समीक्षकांनी डोक्यावर घेतले, ‘डाऊनबीट’ मासिकाच्या मतदानात वेसचे नाव वर्षामागून वर्ष येत राहिले, पण मतदानाने वाण्याचे बिल भागत नाही. १९६३ च्या अखेरीस कंपनीचा भागीदार बिल ग्रॉअर वारला आणि १९६४ मध्ये कंपनीच बुडाली.

वेस व्हर्व्हकडे गेला. तिथला निर्माता क्रीड टेलर बाजार ओळखणारा माणूस. त्याने ठरवले की गिटार लोकांच्या ओळखीच्या गाण्यावर बसवायची, लांबलचक विस्तार कापायचा आणि मागे मोठा वाद्यवृंद ठेवायचा. डिसेंबर १९६५ मध्ये ऑलिव्हर नेल्सनच्या वाद्यवृंदासह ‘गोइंग आउट ऑफ माय हेड’ झाले आणि त्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. १९६७ मध्ये ए अँड एमसाठी केलेली ‘अ डे इन द लाईफ’ ही त्या वर्षातली सर्वाधिक खपाची जाझ तबकडी ठरली. बीटल्सची दोन गाणी त्यात आहेत. त्याच तबकडीतले ‘विंडी’ तर रेडिओवर सतत वाजू लागले. जाझ कशाशी खातात हे ज्यांना माहीत नव्हते त्यांनी वेस विकत घेतला.

यावर पहिल्या गटाचा संताप असा की तीन मजल्यांच्या इमारतीतला मधला मजला काढून त्याचेच दुकान केले. वेस नुसती चाल जोडस्वरात वाजवतो आणि थांबतो. पुढे काही घडतच नाही. त्यांचे हे म्हणणे खोटे नाही. ए अँड एमच्या तिन्ही तबकड्या लागोपाठ ऐका, दुसरी बाजू संपेपर्यंत चहा करायला उठावेसे वाटते. आणखी एक आरोप असा की पुढे हॉटेलांत आणि लिफ्टमध्ये जे गुळगुळीत जाझ वाजू लागले त्याचा बाप वेस. वेसला गुरू मानणाऱ्या जॉर्ज बेन्सनने १९७६ मध्ये ‘ब्रीझिन’ काढून त्याच रस्त्यावर लाखो रेकॉर्ड विकल्या. पण मुलांच्या खपाचा जाब बापाला विचारणे मला बरोबर वाटत नाही.

दुसऱ्या गटाची बाजूही ऐकू. ‘गोइंग आउट ऑफ माय हेड’ हे मूळ गाणे १९६४ साली लिटल अँथनी अँड द इम्पीरियल्स या कृष्णवर्णीय पोरांच्या संचाने गाजवले होते. म्हणजे वेस कोणा परक्याच्या दारात गेला नव्हता, आपल्याच आळीतले गाणे वाजवत होता. आणि साधी चाल साधेपणाने, गोड वाजवणे सोपे आहे असे ज्यांना वाटते त्यांनी ते करून पाहावे. डॉन सेबेस्कीने वाद्यवृंद बांधलेली १९६५ ची ‘बंपिन’ ऐकली तर व्हायोलिनांच्या मधे गिटार किती मोकळा श्वास घेते ते कळते. व्हायोलिन म्हटले की नाक मुरडणाऱ्यांनी निदान ही एक तरी नीट ऐकावी.

माझे मत विचाराल तर संगीत म्हणून मी पहिल्या गटाकडे झुकतो, आरोप म्हणून अजिबात नाही. ‘विकला गेला’ हा शब्दच मला खटकतो. ज्याने पहाटेपर्यंत गिटार वाजवून सकाळी सातला कार्ड पंच केले त्याने चाळिशीनंतर चार पैसे हाती येतील असे काम घेतले, तर ‘कलेशी बेइमानी’ म्हणणारे आपण कोण? असे बोलणाऱ्यांत पगार पहिल्या तारखेला येणारे पुष्कळ असतात, असा माझा अनुभव आहे. कारखान्यातले ते आठ तास त्याने कोणाला विकले होते, हे मात्र कोणी विचारत नाही.

शिवाय पुरावाही आरोपाच्या विरुद्ध जातो. व्हर्व्हच्याच काळात, १९६५ मध्ये, वेसने पियानोवादक विंटन केलीच्या त्रयीबरोबर ‘स्मोकिंग ॲट द हाफ नोट’ केली. त्यातले ‘नो ब्लूज’ जवळजवळ तेरा मिनिटांचे आहे. पॅट मेथनीसारखा पुढच्या पिढीतला थोर गिटारवादक या तबकडीला गिटारच्या जाझमधली सर्वश्रेष्ठ मानतो. त्याच वर्षी पॅरिसला झालेला कार्यक्रम आणि १९६६ मधले सिअ‍ॅटलमधले वादन ही ध्वनिमुद्रणे आता बाहेर आली आहेत, सिअ‍ॅटलचे २०१७ मध्ये, पॅरिसचे २०१८ मध्ये. रेडिओवर तीन मिनिटांचा वेस वाजत होता त्याच महिन्यांत क्लबात वेस तीनही मजले चढत होता. स्टुडिओत वेगळे, लोकांसमोर वेगळे, अशी त्याने कामाची वाटणी केली होती. पहिल्या गटाने ‘पहिली पाच वर्षे खरी’ असा जो नियम केला होता तो या ध्वनिमुद्रणांनी मोडला आहे. आणि २०१२ पासून इंडियानापोलिसच्या दिवसांतली, करार होण्यापूर्वीची काही ध्वनिमुद्रणेही निघाली. ती ऐकून कळते की रिव्हरसाईडनेही त्याला घडवले नाही. तो तयार होऊनच आला होता.

चार पैशांचे सुख मात्र त्याला फार दिवस मिळाले नाही. १५ जून १९६८ रोजी सकाळी इंडियानापोलिसला घरीच त्याला हृदयविकाराचा झटका आला आणि तो गेला. वय पंचेचाळीस. त्याला सिगारेटचे भारी व्यसन होते. ‘अ डे इन द लाईफ’च्या मुखपृष्ठावरही त्याचा फोटो नाही, सिगारेटच्या थोटकांनी भरलेली रक्षापात्री आहे. विक्रीसाठी कोणाला काय सुचेल सांगता येत नाही.

आणि भांडणाचा सगळ्यांत विचित्र भाग त्याच्या मागे घडला. हाफ नोट क्लबात केलेल्या ध्वनिमुद्रणांचा काही भाग कंपनीकडे पडून होता. चौघांनी लोकांसमोर वाजवलेले ते संगीत घेऊन त्यावर क्लाऊस ओगरमनकडून वाद्यवृंद वरून चढवून घेतला आणि ‘विलो वीप फॉर मी’ या नावाने १९६९ मध्ये बाजारात आणला. वेसला विचारायचा प्रश्नच नव्हता. त्या तबकडीला १९७० मध्ये ग्रॅमी मिळाले, तेही लहान संचाच्या जाझसाठी! पुढे तीच ध्वनिमुद्रणे वाद्यवृंद काढून, जशी वाजली तशी पुन्हा निघाली. आता दोन्ही मिळतात, आणि दोन्हींच्या बाजूने भांडणारेही.