ओळख ना पाळख...

मंडळी, दुकानात गिऱ्हाइकाचा चेहरा ओळखणारं यंत्र असावं का? माझं मत आधीच सांगून टाकतो : विचारल्याशिवाय मुळीच नसावं.

तुम्ही म्हणाल, भंडाऱ्यात बसून गुरुजींना मॉलची काळजी कशाला? पण आमच्याकडे हे यंत्र मॉलमधून नाही, रेशनच्या निमित्ताने आलं. २०२५ मध्ये शिधापत्रिकेच्या ई-केवायसीसाठी मोबाईलवर आधारशी चेहरा जुळवणं सुरू झालं. रोवणी करून करून ज्या बायांच्या बोटांच्या रेषा झिजल्यात, त्यांचा अंगठा यंत्र घेत नाही. त्यांची सोय झाली, हे मान्य करायलाच हवं. आणि मोबाईल आपल्या तोंडासमोर कशासाठी धरलाय, हे तिथे त्या बाईला निदान ठाऊक असतं.

मोठ्या दुकानातल्या कॅमेऱ्याचं तसं नाही. साधा सीसीटीव्ही नुसतं चित्र साठवतो. चेहरा ओळखणारी प्रणाली डोळे, नाक, हनुवटी यांच्या ठेवणीवरून आकड्यांची एक साखळी बनवते आणि ती जवळच्या यादीशी ताडून बघते. बाहेरून दोन्ही कॅमेरे सारखेच! 'आपण सीसीटीव्हीच्या निगराणीखाली आहात' ही पाटी वाचून यातलं काय कळणार?

यावर एक जण मला म्हणाला, अहो, दुकानदार पूर्वीही चेहरा ओळखायचाच की. खरं आहे. आमचा किराणावाला मला चाळीस वर्षं ओळखतो. माझा पगार कधी व्हायचा, घरात साखर कोणाला चालत नाही, सगळं त्याला माहीत. पण त्याचा धाकटा दहावीत दोनदा बसला हे मलाही माहीत होतं (माझ्याच वर्गात होता!). उधारीची वही गल्ल्यावर असायची, आपलं पान आपण वाचू शकत होतो, आकडा चुकला तर भांडू शकत होतो. ओळख दोन्हीकडून होती. यंत्राच्या वहीतलं माझं पान मला कोण दाखवणार?

आणि ते पान चुकलं तर? अमेरिकेत 'राइट एड' नावाची औषध दुकानांची मोठी साखळी होती. २०१२ ते २०२० या काळात तिने शेकडो दुकानांत ही प्रणाली वापरली, गिऱ्हाइकांना न सांगता. यंत्राने भलत्यांनाच चोर ठरवलं. नोकरांनी लोकांचा दुकानात पाठलाग केला, एका अकरा वर्षांच्या मुलीची झडती घेतली. कृष्णवर्णीय आणि आशियाई वस्त्यांतल्या दुकानांत अशा चुका जास्त होत्या. शेवटी डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीवर पाच वर्षांची बंदी आणली.

हे वाचताना मला इंग्रजांचा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आठवला. जमातीच्या जमाती जन्माने चोर ठरवून नोंदवहीत चढवल्या. १९५२ साली तो कायदा गेला, पण बाजारात काही हरवलं की लोकांची नजर आधी पारध्याच्या पोराकडे कशी वळते, ते मी या डोळ्यांनी पाहिलंय. यंत्रात घालायची यादी कोण करणार? तीच नजर असलेली माणसं. आणि आमच्यासारख्या गावात एखाद्या पोराला दुकानाच्या दारात चारचौघांत अडवलं, तर मागाहून 'यंत्र चुकलं' म्हणून काय उपयोग? गाव ते विसरत नाही.

मागे नागपूरच्या एका मोठ्या दुकानात काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, मोबाईल नंबरशिवाय बिलच निघत नाही." मी तिला सांगितलं, बेटा, मे २०२३ मध्येच केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुकानदारांना बजावलंय, बिलासाठी नंबरची सक्ती करू नका म्हणून. मॅनेजर आला, आणि निघालं की बिल! नंबर द्यायला 'नाही' म्हणता येतं, फार तर बदलताही येतो. चेहरा घरी ठेवून बाजारात कसं जायचं?

खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितलं. याचिका करणारे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी तेव्हा नव्वदी ओलांडलेले होते, म्हणजे त्या मानाने मी अजून तरुणच! पुढे २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. माहिती कशासाठी घेतो ते आधी सांगा, आठव्या अनुसूचीतल्या भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचायची सोय द्या, असं त्यात आहे. मात्र बहुतेक तरतुदी नियम आल्यावर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या, अशी सवलत ठेवली.

कायद्याची वाट कशाला बघायची? दाराशी मराठीत पाटी लावा : हा कॅमेरा चेहरा ओळखतो की नाही, ओळखत असेल तर माहिती किती दिवस ठेवता, कोणाला देता, आणि यंत्र चुकलं तर कोणाला भेटायचं. ज्याला हे नको असेल त्यालाही सामान मिळालं पाहिजे. आमच्या जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांत माझे जुने विद्यार्थी बरेच आहेत, त्यांच्याशी या पाटीबद्दल बोलणार आहे. तुमच्या गावात कुठे अशी पाटी दिसली असेल तर मजकूर जरूर कळवा, मला नमुना म्हणून दाखवायला हवा आहे.