कचऱ्याच्या डोंगरावरची माती : पाझर थांबेल, घसरण थांबेल का?

दिल्लीतील गाझीपूरच्या कचराडेपोचा कडा १ सप्टेंबर २०१७ रोजी कोसळला आणि दोघांचा बळी गेला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कोलंबोनजीक मीतोटमुल्ला येथे, तर ऑगस्ट २०२४ मध्ये कंपालातील किटेझी येथे कचऱ्याच्या दरडीने प्रत्येकी तीसहून अधिक जीव घेतले. असे ढीग शास्त्रीय पद्धतीने मातीखाली झाकले की धोका टळतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे.

भारताच्या २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी अंतिम आच्छादनाचे तीन थर सांगितले : तळाशी ६० सेंटिमीटर चिकणमाती किंवा सुधारित माती, त्यावर १५ सेंटिमीटरचा निचरा थर आणि वर झाडोऱ्यासाठी ४५ सेंटिमीटर माती. तळच्या थरातून पाणी झिरपण्याचा वेग सेकंदाला सेंटिमीटरच्या एक कोटीव्या भागाहून कमी हवा. या तरतुदीत पाझराचा आकडा आहे. माती उतारावर टिकून राहण्याच्या बळाचा नाही.

मेख येथेच आहे. योग्य चिकणमाती जवळपास नसेल, तर स्थानिक मातीत बेंटोनाइट मिसळतात. ते पाण्याने फुगून छिद्रे बुजवते. मात्र भिजलेल्या बेंटोनाइटचे घर्षण अत्यल्प असते. पाझर रोखण्यासाठी त्याचे प्रमाण वाढवावे, तर उतारावरची पकड सैल होते. चुन्याने बळ वाढते, पण माती ठिसूळ होऊन तडकू शकते.

त्यात भर पडते पावसाची. उभ्या एका मीटरमागे आडवे तीन मीटर असा उतार आणि थरांमधील घर्षणकोन २७ अंश धरला, तर कोरड्या स्थितीत सुरक्षा गुणांक सुमारे १.५ येतो. निचरा थर तुंबून वरची माती पूर्ण भिजली आणि पाणी उताराला समांतर वाहू लागले, की तोच गुणांक जवळपास निम्म्यावर, म्हणजे एकच्या खाली उतरतो. आच्छादन घसरते ते अशा वेळी. थरांमधील निसरडा सांधा किती घातक ठरतो, हे कॅलिफोर्नियातील केटलमन हिल्स येथे मार्च १९८८ मध्ये दिसले होते. तेथे कचऱ्याचा प्रचंड ढीग तळाच्या अस्तरावरून सरकला.

म्हणून कोकणपट्टीसारख्या मुसळधार पावसाच्या प्रदेशात डेपो झाकताना निविदेत केवळ पाझराचा दाखला पुरेसा मानू नये. भिजलेल्या मिश्रणाच्या आणि थरांच्या सांध्यांच्या घर्षणचाचण्या सक्तीच्या हव्यात, त्यांचे निष्कर्ष जाहीर व्हावेत आणि दर पावसाळ्यापूर्वी निचरा थर तपासला जावा. डोंगर हिरवा दिसू लागला, म्हणून पायथ्याची वस्ती सुरक्षित झाली असे होत नाही.