फ्रान्समध्ये बिस्त्रो, शहाद्यात पनीर!

उन्हाळ्याच्या सुट्टीचे बेत आपल्याकडे दिवाळीच्या फराळाबरोबरच शिजू लागतात. कुणी फ्रान्सला निघाले असेल, तर कोणत्या गावी कोणते बिस्त्रो गाठायचे याची यादी आधीच तयार! ल्योंला 'बूशों' नावाची खाणावळ, ब्रिटनीत कुट्टूच्या पिठाचे गालेत, मार्सेयला माशांचे बुयाबेस. त्यात वावगे काहीच नाही. प्रांताची चव प्रांतातच घ्यावी, हा रसिकपणाच आहे.

आमची तक्रार निराळी आहे. हाच रसिक साखर कारखान्याच्या पुरुषोत्तमनगरहून तोरणमाळला निघतो, शहाद्याला जेवायला थांबतो आणि मागवतो काय? पनीर बटर मसाला! कुट्टूच्या धिरड्यासाठी समुद्र ओलांडणाऱ्याला ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी मात्र गावठी वाटते. दोन्ही हातांवर झेलत वाढवून खापरावर टाकायची पुरणपोळी साधायला वर्षे लागतात. पण ती मागणारे गिऱ्हाईक आहे कुठे?

कुणी म्हणेल, हॉटेलवाला ठेवतच नाही. अहो, न मागितलेला जिन्नस तो कोणासाठी ठेवणार? ल्योंची माणसे आपल्या गावचे पदार्थ ऐटीत मागतात; आपण आपले मागताना लाजतो.

तेव्हा फ्रान्सला खुशाल जा. पण त्याआधी शहाद्याच्या वाटेवर भरीत आणि कळण्याची भाकरी मागा. नसेल, तर पुढच्या खाणावळीत मागा. मागणाऱ्याचे तोंड मिटले, की करणारीचा हातही थांबतो.